मुकादमाची वही

दिवाळी उलटली की नाक्यावर उतरायची माणसं,
डोक्यावर पातेली, पातेल्यात तांदूळ,
काखेत पोर, पोराच्या मुठीत कोंबडीचे पाय.
भांडुपला, पानटपरीला पाठ टेकून
एकवीस वर्षं मी ती मोजून घेतली.
कुंभारखिंड, मोखाडा: सत्तावीस.
असं पान असायचं वहीत, दर साली.

यंदा त्या पानावर चार.
दोघे म्हातारे, एक भावाशी भांडून आलेला,
एक, मला वाटलं, नुसता मुंबई बघायला.

नवशा भोयेला फोन लावला.
सळई अशी बांधायचा की इंजिनिअर बोटाने चाचपून बघायचा.
म्हणाला, नाही जमणार शेठ, कळी चालू झाली.
कसली कळी, म्हटलं, तर हसला.
तो हसतो हेच मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी स्लॅबची पूजा.
हारासाठी दादरच्या फुलबाजारात गेलो,
पुलाखाली, झेंडूच्या चिखलातून वाट काढत.
मोगऱ्याच्या पाटीमागे जानकी बसलेली.
लगेच ओळखलं नाही,
कारण मी तिला कायम खालून पाहिलेलं,
परातीवर, घमेल्याखाली, भुवयांवर सिमेंट.
आज ती बसलेली होती
आणि वाकायचं मला होतं.

वीस गुंठे, ती म्हणाली. ओढ्याला बांध घातला,
नळीने थेंब थेंब जातं मुळाशी.
पहिल्या वर्षीची रोपं शेळ्यांनी खाल्ली,
तेव्हा आलोच होतो की तुमच्याकडे.
आता रात्री दोनला कपाळाला बॅटरी बांधून खुडायचं,
नऊ घरांची मिळून एक जीप.
एकटीची कळी भाड्यातच जाते, शेठ.

भाव?
आज सातशे. वैशाखात ऐंशीसुद्धा होतो.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
म्हटलं, मग ऐंशीला कसं परवडतं?
ती कळ्यांवरचं ओलं फडकं सारखं करत राहिली.
ऐंशीला घरी तर असतो, म्हणाली.
पोरगी तिसरीत आहे.
माझ्या साइटवर विटा मोजत शंभरापर्यंत शिकलेली ती पोरगी.
दिवाळीनंतरही तिसरीतच आहे.

आणि ते चौघे? मी विचारलं.
त्यांची जमीन खिंडीच्या वर, ती म्हणाली,
पाणी चढत नाही तिथे अजून.
मुंबई बघायला कोण येतं, शेठ?

अर्धा किलो घेतली.
काट्यावर एक कळी जास्त झाली, ती तिने काढली.
मग कमरेची वही सोडून लिहिलं:
वामनशेठ, अर्धा, रोख.
अक्षर वाकडं, पण नाव माझंच.
मी ते उलट्या बाजूने दोनदा वाचलं.

पूजा झाली. हार वासाला लागला होता,
स्लॅबला सात हात कमी होते.
दुपारी भाकरीच्या वेळी त्या म्हाताऱ्याजवळ बसलो,
काकड्या पागी, ज्याला मी वर्षानुवर्षं
नुसता "ए बाबा" म्हणत आलो.
विचारलं, ओढ्यापासून तुझं शेत किती उंचावर?

त्याने भाकरी खाली ठेवली,
समोरच्या टॉवरकडे पाहिलं,
बोटाने एकेक गॅलरी मोजली,
आणि बोट थांबवलं.
तीन मजले, म्हणाला.

वर चौदाव्या मजल्यावर आमची टाकी भरून वाहत होती.
पाणी पाइपावरून भिंतीला, भिंतीवरून वाळूत.
कुणीतरी ओरडलं, मोटार बंद करा रे.
मी उठलो नाही लगेच.